कोळशावरची मोटार

चिमाजीचं पत्र भाद्रपदात आलं होतं. मार्गशीर्ष उजाडला तरी गेनूनं त्याला उत्तर धाडलं नव्हतं.

पत्र म्हणजे साधं कार्ड. गेनूला अक्षरओळख नव्हती, म्हणून कामथडीच्या शाळेतल्या श्रीपाद मास्तरांनी ते वाचून दाखवलं होतं. शाळेच्याच एका खोलीत गावचं पोस्ट होतं आणि मास्तरच ते सांभाळायचे. चिमाजी हा गेनूचा धाकटा भाऊ, खडकीच्या कारखान्यात कामाला होता. त्यानं लिहिलं होतं, 'दादा, लढाईमुळे इथे माणसे घेत आहेत. तुमच्याबद्दल आमच्या मिस्त्रीपाशी बोललो आहे. सुरुवातीला माल वाहण्याचे काम, पुढे यंत्रावर घेतील. जागा धरून ठेवतो म्हणाला आहे, पण किती दिवस धरील ते सांगवत नाही. येता की नाही ते कळवा. वहिनीस दंडवत.'

मास्तर भिडस्त गृहस्थ. कार्ड दोनदा वाचून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं होतं, "उत्तर लिहायचं का लगेच?"

"लिवू की," गेनू म्हणाला होता. "जरा इचार करतो."

तो विचार तीन महिने चालला होता.

गेनू गाडीवान होता. त्याचा बाप गाडीवान, चुलता गाडीवान. वेल्ह्याकडचा तांदूळ पुण्याच्या पेठेत न्यायचा आणि येताना मीठ, कापड, रॉकेलचे डबे आणायचे, हा त्यांचा धंदा. त्या वेळी कामथडीहून गाड्यांची रांगच्या रांग निघायची. दिवस कलला की जुंपायचं, पुढच्या गाडीवाल्यानं तेवढं जागं राहायचं आणि मागच्या सगळ्यांनी आपापल्या गाडीत घोंगडी ओढून निजायचं. बैलांना पुढच्या गाडीमागं चालायची सवय असे. माणूस झोपेत असतानाच कात्रजचा घाट जवळ यायचा. गेनूची गाडी नेहमी पुढं असायची. "गेनू पुढं हाय ना, मग निजा खुशाल," असं म्हातारे गाडीवानसुद्धा म्हणायचे.

मग मोटारी आल्या. आधी माणसं नेऊ लागल्या, मग माणसांच्या डोक्यावर टपावर पोती चढली. एकेक गाडीवाला गळाला. कोणी बैल विकून शेतात राबायला लागला, कोणी मुंबईला गेला. शेवटी त्या रांगेतून गेनू उरला आणि कुंडलिक उरला. दोन गाड्यांची कसली रांग?

आणि अचानक लढाईनं चक्र उलटं फिरवलं. पेट्रोल मिळेनासं झालं. नसरापूरच्या फाट्यावर आनंदराव म्हणून एका मालकाच्या मोटारी होत्या, त्या महिनाभर अंगणात उभ्या राहिल्या. त्यांच्या टपावर कोंबड्या बसायच्या. गेनू मुद्दाम त्या बाजूनं गाडी न्यायचा आणि कोंबड्यांकडं बघून हसायचा. पण आनंदराव खटपटी माणूस. त्यानं पुण्याहून लोखंडी पिंपं आणली, मोटारींच्या पाठीला बसवली. पिंपात लोणारी कोळसा पेटवायचा, त्याचा वायू नळीतून इंजिनात जायचा आणि त्यावर मोटार चालायची. धापा टाकत चालायची, चढावर उतारूंना उतरून ढकलावी लागायची, पण चालायची.

कोळसा मिळायचा पासलीच्या वरच्या रानात. तिथं भट्ट्या लागायच्या. तिथून नसरापूरपर्यंत कोळसा आणायचं काम आनंदरावनं गेनूला आणि कुंडलिकला दिलं. उन्हाळाभर दोघांनी ते केलं. पावसाळ्यात भट्ट्या थांबल्या, हात रिकामे झाले आणि नेमकं तेव्हाच चिमाजीचं कार्ड आलं. दसरा झाला, भट्ट्या पुन्हा पेटल्या आणि कार्ड देव्हाऱ्याच्या फळीवर गेलं.

"मोटारीनं आमचं पोट मारलं," गेनू पारावर सांगायचा, "आता मोटारीचं पोट आमच्या हातात हाय." लोक हसायचे. गेनूही हसायचा. पण वेल्ह्याच्या वाटेवर खडी टाकणारी माणसं दिसली की त्याचं हसू आटायचं. रस्ता दर खेपेला थोडा थोडा पुढं गेलेला असायचा.

"ते कार्ड वाळवी खाईल तवा उत्तर लिवणार का?" त्याची बायको ठकुबाई एका सकाळी म्हणाली. गेनू गाडीच्या आखाला वंगण घालत होता.

"काम हाय ना आता हातात."

"काम हाय, पण कुणाच्या जिवावर? लढाईच्या. लढाई मिटली का आनंदराव कोळसा पुसंल का?"

"मिटंल तवा बघू."

"तवा चिमाजीभावजीनं काय जागेवर धोंडा ठिवलेला असंल?" ठकुबाईनं भाकरी फडक्यात बांधून गाडीत ठेवली. "माझा भाऊ बैलं सांभाळतो म्हणलाय. खाचरं मी बघते. तुमचं अडलंय कुठं, ते तरी सांगा."

गेनूनं सांगितलं नाही. अडलं होतं ते सांगण्यासारखं नव्हतंच. चिमाजी खडकीला गेला त्या दिवशी सगळे गाडीवान वेशीपाशी जमले होते आणि गेनूनं त्यांच्यादेखत भावाला म्हटलं होतं, "जा बाबा. हितं आमी बैलं हाकतो, तितं तुला भोंगा हाकंल." केवढा हशा झाला होता! चिमाजीही हसला होता, पण खाली बघून. आता त्याच भोंग्याखाली, त्याच चिमाजीच्या ओळखीनं, पन्नाशीकडं झुकलेल्या गेनूनं जाऊन उभं राहायचं. पोरसवदा मिस्त्री म्हणणार, हे उचल, तिकडं ठेव. गेनूचं काही चुकणार. आणि चिमाजी बघणार.

कुंडलिकची गाडी मागून आली. "चला गेनूदा, बैलं थंडीनं गारठली."

दोघं वर गेले, कोळसा भरला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे खाली निघाले. मार्गासनीजवळ नदी लागते. तिथं दोघांनी गाड्या थांबवल्या आणि नेहमीप्रमाणं घागरीनं पाणी आणून भरल्या गाडीवर ओतलं. ही त्या रस्त्यावरच्या गाडीवानांची रीत होती. भट्टीतून काढलेला कोळसा वरून काळा दिसला तरी एखाद्याच्या पोटात निखारा जिवंत असतो. कुंडलिकच्या बापाची गाडी अशीच गेली होती. उतारावर वारा लागला, आतला निखारा फुलला आणि बाजूच्या तट्ट्यांसकट गाडीचा साटा पेटला. एका बैलाची पाठ भाजली. तेव्हापासून पाणी घातल्याशिवाय कोळशाची गाडी नदी ओलांडून कोणी नेत नसे. पूर्वी हा कोळसा लोहारांकडं जायचा; ओल्याचं त्यांना काही नव्हतं, तो त्यांच्या अंगणात पडून वाळायचा.

"अजून एक घागर घाल," गेनू म्हणाला. "कोळसा मधूनच लई ऊन लागतोय हाताला."

कुंडलिकनं आणखी दोन घातल्या. नदीवर धुकं होतं. सूर्य डोंगराआडून वर यायलाच तयार नव्हता.

ते नसरापूरला पोचले तेव्हा आनंदराव अंगणातच उभा होता. त्याची मोटार पुढचं तोंड उघडं टाकून उभी होती आणि ड्रायव्हर तिच्या नळ्या फुंकत होता.

"या," आनंदराव म्हणाला. "तुमचीच वाट बघत होतो. काल कात्रजच्या घाटात वऱ्हाड अडकलं माझं. पेटून पेटेना, चढून चढेना. शेवटी नवरदेवानं मुंडावळ्या बांधून मोटार ढकलली. मुलीचा बाप काय काय बोलला, ते सांगू का?"

गेनूला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. आनंदरावनं त्याच्या गाडीवरची तट्टी सरकवली आणि हात कोपरापर्यंत आत घातला. बाहेर काढला तेव्हा बोटांवर काळं पाणी होतं.

"हे काय?"

"पाणी," गेनू म्हणाला.

"ते दिसतंय मला. आलं कुठून?"

"आमीच घातलंय की. नदीवर. घालावंच लागतं, मालक." गेनूनं हे अगदी सहज सांगितलं. आखाला वंगण घालावं लागतं, बैलांना पाणी पाजावं लागतं, तसं.

आनंदराव त्याच्याकडं बघत राहिला. "पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं मी? कोळसा कोरडा पाहिजे. सांगितलं होतं का नाही?"

"व्हय. मग हितं येईस्तवर वाळतो की."

"चैत्रात वाळत होता रे! आता वाळतोय का?" आनंदरावचा आवाज चढला. "ओल्या कोळशाचा वायू होत नाही, वाफ होते. आणि वजन वाढतं ते निराळंच. खरं सांग, वजनासाठी ओततोस ना?"

गेनूच्या कानशिलात कोणी मारावी तसं झालं. कुंडलिक पुढं सरसावला, "तोंड सांभाळून बोला, मालक! माझ्या बापाची गाडी जळलीय या कोळश्यापायी. वजनासाठी म्हणं!"

"बरं, नसेल वजनासाठी." आनंदराव जरा नरमला. त्यानं हात धोतराला पुसले. "पण मला परवडायचं नाही. वेल्ह्यापर्यंत खडी पडलीय. उद्यापासून माझी मालमोटारच जाईल वर. वेल्ह्यापर्यंत कोळसा डोक्यावर आणतील भट्टीवाले."

"मोटार जायाची न्हाई त्या वाटंनं," गेनू कसाबसा म्हणाला.

"जाईल," आनंदराव म्हणाला. "न जाऊन सांगते कुणाला? आजची खेप उतरवा. तिची मजुरी मिळेल. पुढची नको."

परतीच्या वाटेवर दोन्ही रिकाम्या गाड्या खडखडत होत्या. मग कुंडलिक म्हणाला, "दोन घागरी जास्त तूच घालायला लावल्यास."

"आन रोज कोण घालत व्हतं? भूत?"

"मी लहान मानूस. तू पुढं चालणार, मी मागं. तुझं बघून केलं."

गेनूनं बैलांच्या पाठीवर हात फिरवला.

चार दिवस तो घरी बसला. मोटार उलटेल, चिखलात रुतेल, नाहीतर कोळसा पेटेल आणि आनंदराव माणूस धाडील, असं त्याला वाटत होतं. अंगणात पावलं वाजली की तो उठून बघायचा. कोणी नसायचं. पाचव्या दिवशी त्याला राहवेना. त्यानं रिकामी गाडी जुंपली आणि मुक्काम करत पासलीच्या रानात गेला.

भट्टीपाशी साळूबाई होती. तिचा नवरा भट्ट्या लावायचा आणि ती कोळसा काढायची. मोठ्या कातळावर कोळसा बोटभर जाडीनं पसरून ठेवला होता, पापड वाळत घालावेत तसा. साळूबाई मधूनमधून त्यावर तळहात फिरवत होती.

"हे काय चाललंय, साळूबाई?"

"निवतोय. मोटारवाल्यानं सांगितलंय, काढला का पसरा, एक रात आन एक दुपार जाऊ द्या, हात लावून बघा, मग भरा. एकसुद्दा निखारा राहत न्हाई." तिनं एक तुकडा उचलून त्याच्या हातावर ठेवला. कोळसा गार होता, कोरडा होता, आणि दुसऱ्या तुकड्यावर आपटला की काचेसारखा वाजत होता.

"मग आमाला का न्हाई कदी सांगितलंस?"

"तुमाला?" साळूबाई हसली. "तुमी थांबता का? आला का आपलं भर गं, भर गं, बैलं उभी हायती! भट्टी निवायच्या आदीच तुमी फावडं घेऊन उभं."

गेनू कातळाच्या कडेला बसला. एवढी साधी गोष्ट. पाणी नको, आग नको, नुसतं एक दिवस थांबायचं. इतकी वर्षं तो या रस्त्यावर पुढं चालला, सगळे त्याच्या भरवशावर निजले, आणि त्याच्या डोक्यात हे एकदाही आलं नाही. बापानं घागर घातली म्हणून त्यानं घातली. त्यानं घातली म्हणून कुंडलिकनं घातली. स्वतःच्या धंद्यात ज्याची ही तऱ्हा, तो खडकीच्या यंत्रापुढं काय उजेड पाडणार? आधी त्याला चिमाजीपुढं मान खाली जाण्याची भीती होती. आता त्याला वाटू लागलं की आपल्याला ते काम येणारच नाही.

खाली येताना वेल्ह्याच्या अलीकडं मालमोटार समोरून आली. गेनूनं बैल कडेला घेतले. ड्रायव्हरनं हात वर करून रामराम केला. तो चिडवत नव्हता, चांगल्या मनानंच केला होता. गेनूला तेच जास्त लागलं.

घरी आला तर कुंडलिक ओट्यावर बसलेला. ठकुबाईनं त्याला चहा दिला होता आणि तो बशीत बोट फिरवत होता.

"गेनूदा, राग धरू नगंस," तो म्हणाला. "त्या दिशी बोललो ते बोललो."

"राग कसला."

"एक इचारू का? ते चिमाजीचं पत्र आल्यालं. तू तर जात न्हाईस, असं सारा गाव म्हणतो. मग माझं नाव लिवतोस का? मी जाईन. मला तितं कुणी वळखीचं न्हाई. घरात खाणारी तोंडं हायती, तुला ठावं हाय."

ठकुबाई दारात उभी होती. गेनूकडं बघत राहिली.

"बरं," गेनू म्हणाला. "लिवतो."

रात्रभर त्याला हायसं वाटत राहिलं. कुंडलिक तरणा आहे, हुशार आहे, त्याची जागा लागली तर पुण्यच. आणि उत्तर धाडल्यासारखंही होईल. सकाळी मात्र ठकुबाईनं त्याच्यापुढं भाकरी ठेवली ती शब्दही न बोलता. तिनं भांडावं असं त्याला वाटत होतं. ती भांडली नाही.

शाळा सुटल्यावर तो मास्तरांकडं गेला. मास्तरांनी कोरं कार्ड काढलं, दौत जवळ ओढली.

"लिवा," गेनू म्हणाला. "चिमाजीस दादाचा आशीर्वाद. आमी समदी खुशाल. तुझं पत्र पावलं. उत्तराला उशीर झाला. तर आपल्या गावचा कुंडलिक तुला ठावं हाय. अंगानं दणकट हाय. कामाला वाघ हाय. कदी दारू शिवत न्हाई, शब्दाला जागतो. तर त्याच्यासाठी मिस्त्रीपाशी बोल..." त्याला कधी नव्हे इतकं बोलता येत होतं. वाक्यामागून वाक्य येत होतं. मास्तरांची लेखणी कार्डाच्या अर्ध्यावर आली आणि थांबली.

"गेनबा," ते म्हणाले, "आणि तुमचं काय लिहू?"

"माझं काय?"

"नाही, म्हणजे..." मास्तर गोंधळले. आपण अधिक बोललो असं त्यांना वाटलं असावं. ते लेखणीच्या टोकाकडं बघू लागले. "त्यांनी तुमचं विचारलं होतं. कुंडलिकचं नव्हतं विचारलं."

बाहेर रस्त्यावरून आनंदरावची मोटार धापा टाकत गेली. तिच्या पिंपातल्या धुराचा वास खोलीत आला. गेनूला तो वास ओळखीचा होता. उन्हाळाभर त्याच्या कपड्यांना तोच यायचा.

कुंडलिकचं नाव लिहिताना आपल्याला इतकं बरं का वाटत होतं, ते त्याला आता कळलं. तेवढ्यानं त्याची स्वतःची जाण्यातून सुटका होणार होती. लोक म्हणणार होते, गेनूनं जागा दुसऱ्याला दिली, केवढं मन! आणि तो रिकाम्या गाडीशेजारी बसून राहणार होता, बायकोच्या जिवावर, मरेपर्यंत.

"मास्तर, जागा हाय का कार्डावर?"

"आहे. अर्धं आहे अजून."

"मग लिवा." तो कार्डाकडं सरकला. "मी येतो म्हणावं. मिस्त्रीला माझं वय खरं सांग, कमी सांगू नगंस. यंत्राचं मला काई येत न्हाई. बैलांचं येतं, त्येबी पुरतं येत न्हाई, हे औंदा कळलं. तू दाखवशील तसं करीन. चुकलो तर चारचौघांत बोल. मागं वेशीत मी तुला बोललो व्हतो, तसंच बोल. मी राग धरायचा न्हाई."

मास्तर भराभर लिहीत होते. अक्षर बारीक होत चाललं होतं.

"आन जागा एकच असंल तर..." गेनू थांबला. मास्तरही थांबले.

"तर?"

"तर आदी माझ्यासाठी बघ. कुंडलिकचं मागनं." हे म्हणताना त्यानं मान वर केली नाही. "कुंडलिकला मी सांगतो. आताच जाऊन सांगतो. लिवलं का?"

"लिहिलं."

"वाचा बरं."

मास्तरांनी वाचलं. 'आधी माझ्यासाठी बघ' इथं त्यांचा आवाज खाली गेला. गेनूनं ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

"तीन महिने झाले," तो म्हणाला. "मिस्त्रीनं जागा धरली असंल का अजून?"

"काय सांगावं," मास्तर म्हणाले. त्यांना खोटा धीर देता येत नसे. "लढाई तर चालू आहे. टपालाची पिशवी उद्या सकाळी निघेल."

कार्डावरची शाई वाळेपर्यंत दोघं बसून राहिले. मग मास्तरांनी ते त्याच्या हातात दिलं. पोस्टाची तांबडी पेटी खोलीच्या बाहेर, भिंतीला होती. गेनूनं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. कुठली बाजू वर हे त्याला कळत नव्हतं आणि विचारायलाही तो पुन्हा आत गेला नाही. त्यानं ते फटीत सरकवलं, टोक बोटात धरून ठेवलं आणि मग सोडलं.